खाल्ल्यानंतरचे दोन तास

गच्चीचं दार खांद्यानं ढकलून प्राची बाहेर आली. ऊन दाखवायला पसरलेलं जवस तिला खाली न्यायचं होतं. समोर पाण्याच्या टाकीला हात टेकत तिच्या सासूबाई, गोदूबाई, चालत होत्या. एक फेरी झाली, दुसरी सुरू झाली. गोदूबाईंचे ओठ हलत होते, पण तो जप नसावा. दर चार पावलांना त्या "आई गं" म्हणत होत्या.

"आई? इथे काय करताय तुम्ही?"

गोदूबाई थबकल्या. पदरानं मान पुसली.

"तू आज लवकर कशी?"

"विठ्ठलवाडीच्या बाईंच्या घराला कुलूप होतं, पार्सल तसंच परत आलं. तुम्ही जरा आडव्या झाल्या असाल म्हणून हाकसुद्धा नाही मारली मी. गुडघे दुखतायत ना?"

"दुखतायत की."

"मग?"

"मग काय. वारा बरा येतो वरती."

मे महिना होता आणि वारा औषधालाही नव्हता.

प्राची शुगर असलेल्यांसाठी घरी ब्रेड करायची. बदामाचं पीठ, जवस, इसबगोल, अंडी. डोंबिवलीत पाव विकणाऱ्यांना तोटा नाही. तिचा ब्रेड खपायचा तो "आमच्या घरी तपासूनच देतो" एवढ्या एका वाक्यावर. आणि ते वाक्य उभं होतं गोदूबाईंच्या बोटांवर; त्यांनाही शुगर होती. नवं काही भाजलं की त्यांच्या बोटाला सुई, मग दोन स्लाइस, मग दोन तास आराम आणि पुन्हा सुई. त्या दोन तासांत प्राची पार्सलं पोचवून यायची. आकडा फारसा हलायचाच नाही. ब्रेड हातात घेताच चुरा होतो अशी तक्रार आली, तेव्हा तिनं थोडं ओटचं पीठ घातलं. आकडा जागच्या जागी. मग आणखी थोडं घातलं. तरी तसाच. डॉक्टरांनी गोदूबाईंचा तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट पाहून ब्रेडचं कौतुक केलं, त्या दिवशी प्राची हवेतच होती. गुडघे तेवढे बिघडत चालले होते. वय झालं, असं सगळे म्हणाले, आणि प्राची त्यांना रोज तेल चोळत राहिली.

"दर वेळी चालता?" तिनं विचारलं.

"दर वेळी कुठे? चपाती खाल्ल्यावर नाही चालत."

प्राची कठड्याला टेकून खालीच बसली. आकडा ब्रेड नाही, हे चालणं खाली ठेवत होतं. कोपरीच्या मृणालताईंचे वडील दोन्ही वेळा हाच ब्रेड खात होते. ते खाऊन कुठल्या टाकीभोवती फिरत होते? ते टीव्हीसमोर बसत असणार. तिला राग आला, भयंकर राग आला, पण समोरच्या सुजलेल्या पायांवर तो काढायचा तरी कसा, ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळी पार्सलं थांबवली. गोदूबाईंना दोन स्लाइस दिले, खुर्चीत बसवलं आणि लसणाची टोपली घेऊन स्वतः समोर बसली. दोघी सोलत राहिल्या. अर्ध्या तासानं गोदूबाई खुर्चीचा हात धरून उठायला लागल्या.

"बसा."

"पाणी प्यायचंय."

"मी आणते."

पाणी पिऊन झालं. मग त्या लसणाकडे बघतच बोलल्या.

"पहिल्यांदा आकडा वाढलेला, आठवतंय? सगळा घाणा कचऱ्यात टाकलास तू. दोन दिवस धड जेवली नाहीस. संदेश, नवरा असून, तुझ्याशी बोलायला घाबरत होता. म्हटलं, बघू या चालून. उतरला की गं. तू इतकी हसलीस त्या दिवशी."

प्राचीनं पुढची पाकळी सोलायला घेतली. भांडायलासुद्धा जोर लागतो.

दोन तास झाले. गोदूबाईंनी न सांगता बोट पुढे केलं. मशीननं आकडा दाखवला: दोनशे चौतीस. खाण्याआधी तो एकशे वीस होता. चाललं नाही तर हा ब्रेड शुगर वाढवतो, यात आता शंका नव्हती.

प्राचीनं तिथेच बसून कोपरीला फोन लावला.

"मृणालताई, बाबांना आजपासून ब्रेड देऊ नका... नाही, खराब नाही झालाय. मी तुम्हाला चुकीचं सांगितलेलं. त्यानं शुगर वाढते."

पलीकडची बाई बराच वेळ बोलत होती. प्राची नुसती "हो" म्हणत राहिली. मग तिनं फोन ठेवला.

"शिव्या दिल्या का गं?"

"नाही. रडत होत्या. बाबांची शुगर दोन-तीन महिने चढतेच आहे म्हणे. ब्रेड तर तपासलेला, मग बाबाच चोरून गोड खात असणार असं धरून चाललेले सगळे. डब्यांना कुलपं लावली. सुनेनं त्यांचे खिसे तपासले, नातवंडांसमोर."

"आणि ते काय म्हणायचे?"

"काही नाही. खाली मान घालून बसायचे."

गोदूबाईंनी हातातली पाकळी टोपलीत ठेवली. हात पुसले.

"परत लाव फोन. त्यांनाच द्यायला सांग."

"आई, मी सांगितलंय ना—"

"तू लेकीला सांगितलंस. लाव."

प्राचीनं लावून दिला. गोदूबाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"नमस्कार. मी प्राचीची सासू बोलतेय, डोंबिवलीहून. मलापण शुगर आहे. तुम्ही चोरून काही खात नव्हतात हो. हे सगळं माझ्यामुळे झालं. मी खाऊन चालत होते आणि सांगितलं नाही कोणाला."

पलीकडे कोणीतरी अगदी हळू बोलू लागलं. गोदूबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी फोनवर हात ठेवला आणि प्राचीकडे पाहिलं.

"नातीच्या बारशाला एक पेढा खाल्लेला म्हणतात," त्या म्हणाल्या. "एकच. त्यानंच हे सगळं झालं, असं वाटत होतं त्यांना."