दारातली काच आणि मधली काच

मित्रांनो, मी एक जुनी पितळी तबकडी आहे, आणि एकदा माझ्यावर पैज लागली होती. घोड्यांवर लागते, पैलवानांवर लागते, पण ताटाएवढ्या पितळेवर पैज लावणारे महाभाग आमच्याच गल्लीत निघाले.

मी राहते ज्योतिषी काकांच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर. खाली टेलर मास्तरांचं दुकान. त्यांचं मशीन थांबलं की खालचं सगळं बोलणं मला ऐकू येतं. त्या सकाळी मशीन थांबलं आणि सोल्युशनचा आवाज आला. सोल्युशन म्हणजे समोरचा पंक्चरवाला. ट्यूबला लावायचं सोल्युशन त्याच्या बोटांना कायम चिकटलेलं, म्हणून हे नाव.

"मास्तर, लावता पैज? एकच जन्मवेळ काकांना दोनदा दाखवायची. उत्तरं दोन येतील."

"डोकं फिरलंय का तुझं? वीस वर्षं मी त्यांच्या पायाखाली बसतोय. पितळेवर कोरलेलं आहे ते, तुझ्या ट्यूबसारखं फुगत नाही!"

"मग घाबरता कशाला?"

"घाबरतो कोण! बोल, हरलास तर काय?"

"हरेल त्याने भर बाजारात, चौकाच्या मधोमध, डोक्यावर बादली उपडी घालून कोंबड्यासारखं बारा वेळा आरवायचं."

"बाराच का रे?"

"कुंडलीत घरं बारा. एकेका घराच्या नावाने एकेक बांग."

मास्तरांनी टाळी दिली. वर माझी मात्र पाचावर धारण बसली. कारण सोल्युशन खरं बोलत होता.

त्याचं काय आहे, मला एका तांबटाने घडवलं, काकांच्या गुरूंसाठी. माझ्या कडेवर त्याने हाताने तीनशे साठ रेघा कोरल्या. दोनशे अकरावी जरा वाकडी आहे, तेव्हा त्याला शिंक आली. बारा राशी, प्रत्येकीला तीस रेघा, आणि एक रेघ म्हणजे एक अंश. माझ्या पोटात एक खुंटी आहे. तिच्यावर एक गोल काच बसते, आणि त्या काचेवर बारा घरांच्या रेघा. पण माझ्याकडे काचा दोन आहेत. इथेच सगळी गोम आहे.

माणूस जन्मतो तेव्हा पूर्वेला जो अंश उगवत असतो, त्याला ज्योतिषात लग्न म्हणतात. तिथून घरं मोजायची. पण हे लग्न पहिल्या घरात बसवायचं कुठे? काही जण म्हणतात, दारात. घर तिथूनच सुरू. दुसरे म्हणतात, छे, घराच्या मधोमध. निम्मं घर अलीकडे, निम्मं पलीकडे. दोघांच्याही पोथ्या जुन्या, दोघांचेही आवाज मोठे. म्हणून गुरूंनी दोन्ही काचा करून घेतल्या. एक दारातली, एक मधली. काच बदलली की घरांच्या रेघा पंधरा अंश सरकतात, आणि एखादा ग्रह बसल्या जागी शेजारच्या घरात जाऊन पडतो. बिचारा हललेलाही नसतो!

गुरू जाताना काकांना म्हणाले होते, "एकच काच निवड. मग कोणी रडो, कोणी हसो, तीच वापर."

काकांनी निवडलीच नाही. त्यांचा जीव लोण्याचा. अंश बघायच्या आधी ते समोरच्याचे डोळे बघायचे. घाबरलेला माणूस आला की ज्या काचेने उत्तर गोड निघेल ती हळूच बसवायचे. लोक म्हणायचे, काकांकडे जाऊन आलं की हलकं वाटतं. मला रोज घासायचे, पुसायचे, आल्यागेल्यांना कौतुकाने दाखवायचे. मी वरून लखलखत होते आणि आतून थरथरत होते. कोणी विचारलं, "काका, आज ही काच का, काल ती का?" तर?

कोणी विचारलं नाही. आणि मग एक दिवस पुसता पुसता मधली काच हातातून निसटली. खळ्ळ!

काकांनी आधी दाराकडे बघितलं. मग तुकडे रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये कोंबले. कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडे नवी करायला टाकली. तो म्हणाला, तीन आठवडे. तीन आठवडे काकांनी दार बंद ठेवायला हवं होतं की नाही? नाही ठेवलं.

त्याच आठवड्यात आमच्या खिडकीखाली टेबल मांडणाऱ्या इस्त्रीवाल्या मावशी जिना चढून आल्या, एकेक पायरी पायाने चाचपत. त्यांचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला. डाव्यात मोतीबिंदू.

"काका, डॉक्टर म्हणतात महिन्याभरात ऑपरेशन करा, नाहीतर हाही जाईल. पण एकच उरलाय हो. त्यालाच सुरी लावायची? रात्रंदिवस छातीत धडधडतंय. बघा ना जरा."

काकांचा हात सवयीने मधल्या काचेच्या जागेवर गेला. जागा रिकामी. मग त्यांनी दारातली काच बसवली. मावशींचं लग्न मेष राशीच्या विसाव्या अंशावर, शनी धनूच्या बाराव्या अंशावर. मी रेघा मोजल्या. दारातल्या काचेने शनी आठव्या घरात. आठवं घर मरणाचं, संकटाचं. मधली काच असती तर हाच शनी नवव्यात गेला असता, भाग्याच्या घरात.

'फुटलीये म्हणून सांगा!' मी ओरडले असते, पितळेला तोंड असतं तर.

काकांचा चेहरा पडला. "मावशी... यंदा शस्त्र नको. थांबा जरा."

मावशी उठल्या, भिंत धरून खाली गेल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे मी विसरणार नाही. दर दोन दिवसांनी खिडकीतून जळक्या कपड्याचा वास यायचा. कधी कुणाची कॉलर जायची, कधी बाही. एकदा सोल्युशनचाच शर्ट जळला. तो तिथेच ओरडला, "मावशी, हा शर्ट आहे की मच्छरदाणी?" मावशी हसल्या नाहीत. हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. मग तोही हसला नाही. काही वर्षांपूर्वी दुकान काढताना तो काकांकडे आला होता, आणि आगाऊ माणूस तो, काकांची पाठ वळताच माझ्या दोन्ही काचा उचलून एकमेकींवर धरून बघितल्या होत्या. रेघा जुळत नव्हत्या, हे त्याला आठवलं.

आता कळलं ना, पैज कुठून आली? आणि पैज लागली तेव्हा डॉक्टरांच्या महिन्यातले चार दिवस उरले होते. काचवाल्याने नवी मधली काच आदल्याच दिवशी आणून दिली होती.

दुपारी सोल्युशन वर आला. मागे साक्षीला मास्तर. पठ्ठ्याने डोळ्यांखाली ट्यूबचं सोल्युशन फासलं होतं. डोळे लालबुंद, नाक गळतंय.

"काका, माझी मेव्हणी हो! डोळ्याचं ऑपरेशन आहे, घरात सगळे रडतायत. ही तिची जन्मवेळ."

मित्रांनो, काकांना ते आकडे ओळखीचे वाटायला हवे होते. तीच मेष, तोच विसावा अंश, तोच शनी. पण काका आकडे बघतच नव्हते. ते सोल्युशनचे डोळे बघत होते. त्यांनी मधली काच उचलली आणि माझ्या खुंटीवर बसवली.

"अरे, रडतोस काय? शनी नवव्यात आहे! भाग्याचं घर. सांग तिला, बिनधास्त कर म्हणावं ऑपरेशन."

सोल्युशनने बाहीने तोंड पुसलं.

"काका, मला मेव्हणीच नाही. ही वेळ मावशींची आहे."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. "काका, हा चेष्टा करतोय ना? सांगा की याला."

मला वाटलं, संपलं. आता हे मला खिडकीतून फेकणार, उद्या भंगारवाल्याच्या तराजूत मी. काकांनी मला उचललं, दुसरी काचही घेतली. पण ते खिडकीकडे गेले नाहीत. मला काखेत मारून जिना उतरले आणि सरळ मावशींच्या टेबलासमोर उभे राहिले.

"मावशी, काच फुटली होती. मी लपवलं. दुसरी लावली असती तर उलट सांगितलं असतं."

मावशींनी इस्त्री उभी केली. दोन्ही काचा बोटांनी चाचपल्या.

"मग यातली खरी कुठली?"

"चाळीस वर्षं झाली. मला माहीत नाही."

"माहीत नाही?" मावशींचा आवाज फाटला. "तीन आठवडे मी रोज मरतेय, काका! सकाळी उठले की आधी भिंतीवरचा खिळा दिसतो का बघते. परवापासून तो दिसत नाहीये."

काका म्हणाले, "डोळ्याचं डॉक्टरांना विचारायचं असतं, ते मला तेव्हाच म्हणायला हवं होतं. चला, मी येतो बरोबर. आत्ता."

"मला भीती वाटते हो."

"मलाही वाटते."

"आणि मास्तरांनाही वाटते," सोल्युशन मध्येच म्हणाला, "बारा वेळा आरवायचंय त्यांना चौकात."

मावशींच्या ओठाचा एक कोपरा हलला. "आत्ता नको आरवायला. माझी पट्टी निघू दे. मला ते ऐकायचं नाही, बघायचंय."

त्या दवाखान्यात गेल्या आणि मी इस्त्रीच्या टेबलावर राहिले, धूळ खात. काकांना मला न्यायची आठवणही राहिली नाही. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात वाईट दिवस. कारण मित्रांनो, खरी काच कुठली, ते मलाही माहीत नाही. दारातली खरी असली तर? शनी आठव्यात असला तर? लोक माझ्याकडे बघून घाबरतात. मी कोणाकडे बघू?

तुम्हाला एवढंच सांगते. वस्तू नीट वापरा, पुसून ठेवा, आणि हातून फुटलीच तर रुमालात गुंडाळू नका. फुटली म्हणून सांगा. फुटलेल्या काचेने कोणाचं काही बिघडलं नव्हतं, लपवलेल्या काचेने बिघडलं. आणि कोणी तुम्हाला घाबरवलं, तर आधी विचारा, "तुमच्याकडे काचा किती आहेत?"

पाचव्या दिवशी पट्टी निघाली. मावशी दवाखान्यातून थेट चौकात आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा, सोल्युशनचा दंड धरून. काही दिसतंय का, हे त्या सांगेनात आणि विचारायची कोणाची छाती होईना. बाजार भरलेला. सोल्युशनने मला मुद्दाम आणून पाराच्या कट्ट्यावर ठेवलं होतं.

मास्तरांनी बादली उचलली. काकांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"पैज तू लावलीस, मास्तर. हरलो मी."

बादली डोक्यावर गेली. पहिली बांग अशी बेसूर निघाली की गाढवसुद्धा लाजलं असतं. लोक पोट धरून हसले. दुसरी, तिसरी, चौथी. सगळे मोजत होते. सातवीला काकांना धाप लागली. आठवीला आवाज घशात अडकला. बादली थरथरायला लागली. चौक हळूहळू शांत झाला. बादलीच्या आत काका रडत होते.

आठवं घर. माझं पितळ गार पडलं.

तेवढ्यात मावशींनी चष्मा काढला. पापण्या मिटल्या, उघडल्या, परत मिटल्या, आणि मग त्यांनी डावा डोळा काकांवर रोखला.

"ओ काका! आठव्यात काय थांबलात? नववं घ्या की! आणि बादली जरा फिरवा, कडेच्या भोकातून तुमचं टक्कल दिसतंय!"

नववी बांग बाजाराच्या पार टोकापर्यंत ऐकू गेली.