प्रसादातल्या चार गोळ्या

या मित्रांनो, असे जवळ सरका. फक्त माझ्या काचेला बोटं लावू नका. कीर्तनकार बुवा आधी मागच्यांना पुढे बोलावतात, मग आख्यान लावतात. मीही आज एक आख्यान सांगणार आहे. देव त्यात नक्की आहे. माझ्या नळीतून मात्र तो कधी दिसला नाही.

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. परदेशातल्या एका कारखान्यात मी घडलो. पितळेची नळी, लोखंडी पाय आणि तीन भिंगं, एवढाच माझा संसार. नागपूरच्या डॉक्टर कृष्णरावांनी मला जुन्या बाजारात पारखून घेतलं आणि घोंगडीत गुंडाळून, मांडीवर धरून रेल्वेनं दुर्गला आणलं. तेव्हा शेजारच्या भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे मुरुमाची धूळ आणि पायासाठी खणलेले खड्डे. खड्ड्यांत पाणी, पाण्यावर डास आणि डासांच्या पाठोपाठ हिवताप. खुर्सीपारच्या मजूरवस्तीत, तिथल्या झोपड्यांत रोज कोणी ना कोणी गोधडीखाली कुडकुडत पडलेलं असायचं.

कृष्णराव संशोधक होते. हिवतापावर एक नवी गोळी निघाली होती. ती या माणसांना लागू पडते का, हे तपासून त्यांना छापील निबंधात मांडायचं होतं. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि माझ्याखाली ठेवायचा. तांबड्या पेशीत खड्याच्या अंगठीसारखा जंतू दिसला, की समजायचं, ताप मुक्कामाला आहे.

पण मजूर गोळीला हात लावेनात. साहेबाची गोळी खाल्ली की अंगातलं बळ जातं, अशी वस्तीत कुजबुज होती. कृष्णराव स्वतः कीर्तनाचे मोठे भोक्ते. शनिवारी संध्याकाळी वस्तीत रामाजी बुवांचं कीर्तन व्हायचं, तिथं ते कधी चुकायचे नाहीत. त्यांना युक्ती सुचली. आरती झाली की, ज्याच्या रक्तात जंतू सापडला असेल त्याच्या हातावर बुवांनी फुटाण्यांबरोबर चार गोळ्या ठेवायच्या. प्रसादाला कोण नाही म्हणणार? आणि खरंच, कोणी म्हटलं नाही. लोकांनी गोळ्या कपाळाला लावल्या, बायांनी पदराच्या गाठीला बांधल्या. डॉक्टर त्या दिवशी गुणगुणतच परतले.

पुढच्या आठवड्यात त्याच माणसांचे थेंब माझ्याखाली आले आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. अंगठ्या जशाच्या तशा! डॉक्टरांनी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसलं. कित्येक दिवस ते नीट जेवले नाहीत. शेवटी त्यांनी लिहून टाकलं, की ही गोळी निरुपयोगी आहे. निबंध पाकिटात गेला, पाकिटावर तिकीट लागलं. तो छापला गेला असता, तर गोळी भिलाईत पुन्हा आली नसती. मी टेबलावर तळमळत होतो. मित्रांनो, मला माणसाचं रक्त दिसतं, पण त्याचं घर दिसत नाही.

पाकीट टपालात पडणार, त्या सकाळी चौघांनी नत्थूला खाटेवर घालून आणलं. नत्थू खड्डे खणणारा, भंडाऱ्याकडचा मजूर. तो तापात बरळत होता. बरोबर त्याची बायको हिरा आणि रामाजी बुवा होते. त्याच्या थेंबात इतक्या अंगठ्या, की मला नजर वळवता आली असती तर मी वळवली असती.

डॉक्टर वैतागून म्हणाले, "चार गोळ्या खाऊनही हे असं?"

"चार कुठच्या जी," हिरा म्हणाली. "एक सासूले देल्ली, दोन शेजारच्या ठकूबाईच्या लेकराईले. उरली ते याईनं खाल्ली. देवाच्या दारचं हाय, एकट्यानं कसं खाव?"

डॉक्टरांनी हातातली काचपट्टी खाली ठेवली. मग हिराकडे पाहून म्हणाले, "मला आधी सांगायला काय झालं होतं?"

उत्तर बुवांनी दिलं. "तुमीच गोळीले प्रसाद केलं, डॉक्टरसाहेब. आता या हिराले कावून बोलून राहिले?"

डॉक्टरांनी नत्थूचं डोकं मांडीवर घेतलं आणि नव्या चारही गोळ्या स्वतःच्या हातानं पाण्याबरोबर भरवल्या. पण उशीर झाला होता. नत्थू गेला.

पाकीट टपालात पडलं नाही. पुढच्या शनिवारी बुवांनी आरतीआधीच टाळ थांबवले आणि बजावलं, की हा प्रसाद नव्हे. ज्याचा ताप, त्याचीच गोळी. मग पाण्याचा लोटा घेऊन हिरा उठली. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. ती एकेकापुढे उभी राहायची.

"गिळ भाऊ. माह्यासमोर गिळ. घरच्याईचं रक्त डॉक्टरसाहेब तपासतीन, त्याईच्या गोळ्या येगळ्या देतीन."

एकानंही गोळी पदराला बांधली नाही.

त्यानंतरचे थेंब मी पाहिले. स्वच्छ! काचेमागून काच सरकत होती आणि अंगठी नव्हती. कृष्णरावांनी निबंध नव्यानं लिहिला आणि तो छापून आला. त्यात त्यांनी हेही लिहिलं, की पहिल्या वेळी चूक औषधाची नव्हती, लोकांचीही नव्हती, देणाऱ्याची होती. दूरदूरच्या डॉक्टरांनी तो वाचला. माझंही कौतुक झालं. माझ्या नळीला कुणीतरी झेंडूची माळ घातली.

पुढे भट्ट्या पेटल्या, खड्डे बुजले, नवी यंत्रं आली. कृष्णराव निवृत्त झाले आणि मला तुमच्या शाळेच्या कपाटात ठेवून गेले. इथं माझ्या भिंगावर बुरशी चढते आहे. मुलं माझ्यातून मुंगीचा पाय बघतात आणि शाईची बोटं माझ्यावरच पुसतात. मऊ कापडानं मला पुसत जा, बाळांनो. मला अजून पाहायचं आहे. कपाटाच्या अंधारात मी अजून तळमळतो.

आणि एक मागणं. छापलेल्या निबंधात गोळी लागू पडलेल्या माणसांचा हिशेब आहे. नत्थू त्यात नाही. तो त्याआधीच गेला. तुम्हाला ताप येईल, आई औषधाचा डोस पुढे करील, तेव्हा तो पुरता घ्या. आणि घोट गिळताना, खुर्सीपारच्या त्या नत्थूची तेवढी आठवण ठेवा.