घरच्यांची फेरी

नऊ वर्षं मी या चुनखडीच्या गुहेत गाईड आहे आणि नऊ वर्षं माझे सासरे त्याला ‘भोकात बॅटरी दाखवायचं काम’ म्हणतात. जेवताना म्हणतात, पाहुण्यांसमोर तर हमखास म्हणतात. पिकतं तिथं विकत नाही, असं म्हणून मी गप्प बसायची. मग एका रविवारी त्यांनी अचानक फर्मान काढलं, “चला, सूनबाईंची गुहा बघून येऊ सगळे.” खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आदल्या दिवशी मी गणवेशाला कडक इस्त्रीही केली.

सासरे, सासूबाई, नवरा आणि आमची आठ वर्षांची लेक. बरोबर इतर दहा-बारा माणसं. पायऱ्या उतरण्याआधी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. आत कशालाही हात लावायचा नाही. छतातून जे लोंबतं ते थेंबाथेंबानं वाढतं, बोटाच्या पेराएवढं वाढायला शंभर-दोनशे वर्षं जातात. एक गोष्ट लोकांना सांगत नाही, पण आम्हाला ती पाठ आहे. गाईडनं कुणाला तुकडा काढून दिला, तर त्याच दिवशी नोकरी गेली. गेल्या वर्षी आमच्यातला एक जुना गाईड असाच घरी बसला.

सासरे मध्येच म्हणाले, “आम्हाला नका शिकवू, आम्ही मुख्याध्यापक होतो.” लोक हसले. मीही हसले, कारण दात दाखवणं माझ्या कामातच येतं.

होते खरे मुख्याध्यापक. शाळेच्या बागेतलं एक फूल तोडलं म्हणून पोरांना दुपारभर उन्हात उभं करायचे. अजूनही अभिमानानं सांगतात.

तिसरं दालन सगळ्यात नाजूक. छत हाताला लागेल इतकं खाली, आणि त्याला पेन्सिलीएवढ्या जाड, पांढऱ्या, पोकळ नळ्या. मी तिथले चारही दिवे लावले, बाकीच्यांना कठड्याशी पुढे उभं केलं आणि घरच्यांसाठी मुद्दाम मागे थांबले. लेकीला एका नळीच्या टोकाचा थेंब दाखवत होते, तेवढ्यात पाठीमागे कट्‌ असा आवाज आला.

सासऱ्यांच्या हातात वीतभर नळी होती. वीतभर!

“बाबा, काय केलंत हे?”

“अगं, हजारो आहेत की. एकीनं काय बिघडतंय? नातीला शाळेत दाखवायला होईल.” नळी रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात टाकलीसुद्धा.

“द्या ती इकडे.”

“घरच्या माणसाला नियम दाखवतेस?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नवऱ्याकडे बघितलं. तो हातभर अंतरावर उभा होता, त्यानं सगळं पाहिलं होतं. हळूच म्हणाला, “जाऊ दे ना. बाबा आहेत. कुणाला कळणारे?”

मला कळलं होतं ना! वर आल्याबरोबर मी तडक आमच्या साहेबांच्या खोलीत शिरले आणि सांगून टाकलं, “माझ्या सासऱ्यांनी तिसऱ्या दालनातली नळी तोडलीय. त्यांच्या खिशात आहे.”

साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. सासऱ्यांनी रुमाल टेबलावर उलगडला. नळीचे तीन तुकडे झाले होते. शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्याशी बोलावं तसे ते शांतपणे म्हणाले, “सूनबाईंनीच काढून दिली. घरच्यांसाठी म्हणून. आता वर आल्यावर घाबरल्यात.”

चोर तो चोर, वर शिरजोर! टेबलावरचं पेपरवेट उचलून भिरकावावंसं वाटलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी नवऱ्याला विचारलं, “तुम्ही होतात ना तिथं? कुणी तोडली?”

माझी नऊ वर्षं आता त्याच्या एका उत्तरावर होती. त्यानं बापाकडे बघितलं, मग फरशीकडे.

“अंधार होता,” तो म्हणाला. “मला नीट दिसलं नाही.”

साहेबांनी खण उघडून कामावरून कमी केल्याचा छापील कागद काढला. गेल्या वर्षीच्या गाईडच्या हातात मी तो बघितला होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

सासूबाई दाराशी नातीचा हात धरून उभ्या होत्या. उभा जन्म नवऱ्यापुढे मूग गिळून बसलेली बाई. तिथूनच त्या मोठ्यानं म्हणाल्या, “यांनी तोडली. मी बघितलं.”

सासरे गर्रकन वळले. “तू गप्प बस!”

पण त्या त्यांच्याशी बोलतच नव्हत्या. त्या लेकाकडे बघत होत्या.

“अंधार कसला रे? तू बघत होतास, तेव्हा मला तुझं तोंडसुद्धा दिसत होतं.”

साहेबांनी कागद पुन्हा खणात टाकला. दंड सासऱ्यांच्या नावावर लागला, माझी नोकरी राहिली. सगळे म्हणतात, झालं ना नीट, मग अजून का धुमसतेस? सासऱ्यांचं मी एक वेळ सोडून देईन, ते पहिल्यापासून तसेच आहेत. पण याला सगळं दिसत होतं.