बिनकामाची फेरी

ऋत्विकनं प्रदर्शनासाठी छापून आणलेला फलक गाडीच्या बॉनेटला टेकवून उभा केला, तोच अन्नपूर्णाबाईंनी तो उचलून भिंतीशी नेऊन ठेवला.

"रंगाले ओरखडा पडते," त्या म्हणाल्या. "आता वाच. मी ऐकून राह्यली."

आणि हातातलं फडकं घेऊन त्या पुन्हा बंपर पुसू लागल्या. उंद्रीच्या त्या अंगणात, ट्रॅक्टर आणि फवारणीच्या पंपाच्या मधोमध, दोनच माणसांची ती लाल अल्फा रोमिओ कापडी टप उघडून उभी होती. संभाजीनगरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. गाडी न्यायला थोड्या वेळात ट्रक येणार होता. सून अनुपमा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

ऋत्विकनं घसा साफ केला.

"ही गाडी एका इटालियन इंजिनिअरनं मुंबईत आणली. मायदेशी परतताना त्यानं ती खामगावच्या एका जिनिंगवाल्या शेठना दिली. त्यांच्याकडून ती उंद्रीचे हौशी बागायतदार उत्तमराव यांनी घेतली. पुढं ती त्यांचे चिरंजीव उकंडराव आणि आता नातू ऋत्विक यांच्याकडे आली. एकदा गावातली बाळंतीण अडली, तेव्हा घरच्या सूनबाई अन्नपूर्णाबाई यांनी लोकलाज बाजूला ठेवून तिला याच गाडीतून चिखलीच्या दवाखान्यात पोचवलं."

फडकं थांबलं.

"कोन बाळंतीन?"

"नाव नाही टाकलं."

"टाकशील कुठून? नव्हतीच कोनी."

"आई, लोकांना काहीतरी कारण लागतं. तू उगाच गाडी घेऊन गेली होतीस, असं लिहू का?"

"तेच लिह."

तेच झालं होतं. सासरे उत्तमराव यांनी गाडी हौसेनं घेतली खरी, पण त्यांचं पोट स्टिअरिंगमागं मावेना. म्हणून ती मुलाच्या हाती आली. उकंडरावांनी लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, शेताच्या गाडवाटेवर, हसत-खेळत बायकोला ती चालवायला शिकवली. गंमत म्हणून. गंमत घरात राहील असं त्यांना वाटलं असावं.

मग एका सकाळी सासरे मेहकरकडे लग्नाला गेले होते, नवरा शेतात होता आणि किल्ली खुंटीला होती. अन्नपूर्णाबाई चिखलीपर्यंत जाऊन परत यायचं म्हणून निघाल्या. चिखली आली, पण गाडी वळवावीशी वाटेना. पुढं रस्ता मोकळा होता. एका एसटीला त्यांनी मागं टाकलं. वाऱ्यानं डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तो त्यांनी वर घेतला नाही. देऊळगाव राजाला पोचल्यावर बालाजीच्या दर्शनालाही गेल्या नाहीत. स्टँडसमोर उभ्यानं गरम भजी खाल्ली, हात पुसले आणि परत फिरल्या.

संध्याकाळच्या आत बातमी उंद्रीत आली. मागं राहिलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला काही ती पोटात ठेवता आली नव्हती.

उत्तमराव सुनेला एक शब्द बोलले नाहीत. मुलाला बोलले. दुसऱ्या दिवशी गाडी गोठ्याच्या टोकाला गेली, चारही चाकं निघाली आणि वर कडबा रचला गेला. चाकं उकंडरावांनीच काढली. बायकोकडं पाठ करून, एकेक नट खिशात टाकत. पुढं सासरे गेले, तरी कडबा तिथंच राहिला. दरवर्षी नवा यायचा आणि वर पडायचा.

उकंडराव वारले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अन्नपूर्णाबाईंनी एकटीनं कडबा ओढून काढला आणि चिखलीहून गजेंद्र मिस्त्रीला बोलावलं. तळाचा पत्रा सडून खालची माती दिसत होती, वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. कार्ब्युरेटरचे भाग इटलीहून यायला पावसाळा उलटला. नवा टप खामगावात शिवला. गावानं विचारलं, या वयात हे काय? त्यांनी आपल्या नावावरच्या शेतातल्या तुरीचे पैसे गाडीत घातले.

इंजिन उघडलं त्या दिवशी गजेंद्र चकित होऊन उठला होता.

"काकू, हे जाम नाही झालं. कोनीतरी दरसाल तेल टाकून हातानं फिरवलं याले. काकाच असतीन. लय जीव होता बरं त्यायचा."

अन्नपूर्णाबाई त्या काळ्या, तेलकट लोखंडावर वाकल्या. त्यांनी एक बोट आत फिरवलं, ते पदराला पुसलं.

"तेल टाकलं," त्या म्हणाल्या. "चाकं नाही लावली."



आता अन्नपूर्णाबाईंनी ट्रॅक्टरजवळचा रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि फलकावरच्या बाळंतिणीवरून एक जाड लाल पट्टा ओढला.

"आई! हा आता परत छापून यायचा नाही."

"नको येऊ दे. गाडीचे कागद कोनाच्या नावावर आहेत?"

"तुझ्या."

"मंग तुहं नाव काऊन हाय याच्यात?"

त्याच्या नावावरूनही पट्टा गेला. तेवढ्यात फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजला.

"त्याले वापस धाड," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. ओट्यावर तयार ठेवलेली पिशवी घेऊन त्यांनी गाडीचं दार उघडलं, लुगड्याचा घोळ सावरला आणि स्टिअरिंगमागं बसल्या. हातातली पिशवी त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवली.

"संभाजीनगर किती लांब आहे ठाऊक आहे ना तुला?"

"देऊळगावपर्यंत रस्ता पाह्यलेला हाय. पुढचा विचारत जाईन."

इंजिन पहिल्या खेपेला खोकलं, दुसऱ्या खेपेला लागलं. गोठ्यातली जनावरं कान टवकारून पाहू लागली. ऋत्विकनं ट्रकवाल्याला हातानं थांबायची खूण केली आणि आईकडं वळला.

"बरं, मग मी बसतो तुझ्यासोबत. एकटी नको जाऊस."

पण मांडीवरचं शेंगांचं सूप खाली ठेवून अनुपमा केव्हाच गाडीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी होती. तिनं ओढणी कमरेला बांधली होती आणि हात दाराच्या कडीवर होता.

"अनुपमा, तुझं काय काम आहे तिकडं?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग कडी ओढली.

"काहीच नाही," ती म्हणाली.

अन्नपूर्णाबाईंनी सीटवरची पिशवी उचलून मागं टाकली.