उंदराच्या रश्श्याची तवली

मी तवली बोलतेय. मातीची, बुडाला काळीकुट्ट, काठाचा एक टवका उडालेली. आधीच सांगून टाकते, माझ्यात उंदीर शिजायचे. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्या आणि मग निवांत बसून ऐका.

आणि उंदीर म्हणजे तुमच्या बिल्डिंगच्या गटारातले नव्हेत हो! शी! त्यांना मीसुद्धा शिवून घेतलं नसतं. माझ्यातले उंदीर शेताच्या बांधातले, सुगीभर भात खाऊन गुबगुबीत झालेले.

चाळीस वर्षांपूर्वी वसईच्या बाजारातून अंबिकाने मला आणलं. कुंभारणीच्या समोर बसून तिने मला टकटक वाजवून पाहिलं, उलटं केलं, परत वाजवलं. कुंभारीण वैतागली. अंबिका म्हणाली, नवऱ्यासाठी हवी, घरात घ्यायची नाही, पण फुटकी पण चालायची नाही. माझ्या नशिबात काय लिहिलंय ते मला तिथेच कळलं.

तिचं सासर भाईंदर पश्चिमेला मोरव्यात. नवरा पंढरीनाथ. पावसाळ्यात भात लावायचा आणि उन्हाळ्यात मिठागरावर जायचा. अंबिका माळकऱ्याची मुलगी, मासळीच काय, अंड्यालाही हात लावायची नाही. पंढरीनाथला मात्र कापणी झाली की उंदीर हवाच. लग्नानंतर दोघांत यावरून जाम वाजलं म्हणे. शेवटी तडजोड झाली ती माझ्यावर. चूल बाहेर, तवली वेगळी, रांधणार तो. मसाला मात्र तिचा.

कापणी संपली की पुरुष माणसं कुदळी घेऊन बांधावर जायची. बिळाची बाकीची तोंडं बुजवायची, एका तोंडाशी पेंढ्याचा धूर करायचा आणि उंदीर बाहेर आला की धरायचा. बिळात पिल्लं दिसली तर माती परत लोटायची, हा अंबिकाचा नियम. ती खात नव्हती, पण नियम तिचे! घरी आणून पंढरीनाथ उंदीर पेंढ्याच्या जाळावर भाजायचा, खरवडून साफ करायचा आणि माझ्यात टाकायचा. अंबिका पाट्यावर वाटलेला मसाला उंबऱ्यातून त्याच्या हातात द्यायची आणि पाठ करून बसायची. तशी बसूनच म्हणायची, "मीठ कमी हाय." कधी चुकली नाही. नुसत्या वासावर कसं कळायचं तिला, मला आजपर्यंत उलगडलेलं नाही.

तिचा माळकरी भाऊ अधूनमधून यायचा. त्या दिवशी मी चुलीवर असले तर अंबिका त्याला दारातच सांगायची की आज बाहेर ते शिजतंय, तुझं आतल्या चुलीवर वेगळं करते. एकदा पंढरीनाथ म्हणाला, कशाला सांगतेस, त्याला कुठे कळणार आहे? तेव्हा ती त्याच्यावर अशी भडकली की विचारू नका. न सांगता कुणाच्या पोटात काही घालायचं नाही, हे तिने त्याला कायमचं बजावलं.

मग पराग झाला. तो बापाच्या मांडीवर बसून माझ्यातला रस्सा ओरपायचा. नाक गळायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी वाटी पुढे. माझा जीव होता त्या पोरावर. चौथीत बाईंनी आवडत्या पदार्थावर निबंध लिहायला सांगितला. या येड्याने माझा रस्सा लिहिला आणि वर्गात मोठ्याने वाचला. पुढची तीन वर्षं शाळेत त्याला कुणी नावाने हाक मारली नाही. घरी येऊन आईला म्हणाला, ती तवली फोडून टाक.

अंबिकाने फोडली नाही. आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवली. तशीही शेतं संपतच आली होती. भातखाचरं होती तिथे टॉवर उभे राहिले. वीस वर्षं मी अंधारात पडून होते. चार वर्षांपूर्वी घरात रडारड ऐकू आली. अंबिका गेली हे मला वरच कळलं. मला खाली कुणी आणलं नाही. मीसुद्धा रडले असते, पण मातीला पाझरायला आधी पाणी लागतं.

दोन वर्षांपूर्वी परागचं लग्न झालं. सूनबाई रसिका, केबिन रोडला राहणाऱ्या मृणालिनीबाईंची एकुलती एक. ही माणसं गिरगावातून भाईंदरला आलेली. आई पक्की शाकाहारी, केक घेतानासुद्धा अंडं आहे का ते दोनदा विचारणारी. रसिका मोरव्यात येऊन मासे खायला शिकली. परागने तिला सांगून ठेवलेलं, आमच्याकडे मासळी चालते, बाकी काही नाही.

पंढरीनाथला ती पोर फार आवडायची. ऑफिसातून आली की चहाचे दोन कप घेऊन ओट्यावर त्याच्या शेजारी बसायची. अंबिका गेल्यावर घरात त्याच्याशी धड बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

हल्लीच्या मुलींना मातीच्या भांड्यांचं वेड. रसिकाने मोबाइलवरून दोन मागवली, दोन्ही तडकली. मग एका शनिवारी पोटमाळा साफ करताना तिला मी सापडले. "अय्या, कसली भारी आहे ही!" म्हणत तिने मला मिठीच मारली. रात्रभर पाण्यात ठेवलं, तेल चोळलं. रविवारी आई जेवायला येणार होती. तिने माझ्यात वालाचं बिरडं टाकलं.

खरं सांगू? मी हरखून गेले. वीस वर्षांनी बुडाला ऊब लागली होती. वाल कसे मऊ शिजवले मी! पानं वाढायला घेतली तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, अगंबाई, हे कुणाच्या पानात चाललंय? पण तवलीचं कोण ऐकतं?

पराग श्रीखंड घेऊन आला. टेबलावर मला बघून त्याचा चेहराच उतरला. तेवढ्यात पंढरीनाथ हात धुऊन जेवायला बसला आणि त्याचीही नजर माझ्या टवक्यावर गेली. तो त्याच्याच हातून उडालेला. बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं. परागने हळूच मान हलवली, नका बोलू.

गप्प राहिला असता तर काहीच बिघडलं नसतं. बोलला तर सुनेच्या नजरेतून उतरणार, संध्याकाळचा चहा जाणार, हे म्हाताऱ्याला कळत होतं. मृणालिनीबाईंनी बिरड्याचा घास कालवून उचलला.

"विहीणबाई, थांबा," तो म्हणाला. "घास खाली ठेवा. या तवलीत आम्ही उंदीर शिजवायचो. शेतातले. मी खाल्लेत, परागनी पण खाल्लेत. घासलेली हाय, पण तुम्हाला न सांगता तुमच्या पोटात जायला नको."

मृणालिनीबाईंनी घास पानात ठेवला आणि उठून हात धुतले. दोनदा धुतले. पंढरीनाथने मला उचललं, भरल्या बिरड्यासकट, आणि ओट्यावर जाऊन बसला. मला मांडीवर घेऊन म्हणाला, चल, तुला खाडीत सोडतो. मला वाईट वाटलं नाही. तो खरं बोलला होता. अंबिका असती तर तिने पाठ न करता त्याच्याकडे बघितलं असतं.

आत रसिकाचा आवाज चढला. उंदरांवरून नाही, परागवरून. दोन वर्षं संसार करतेय आणि लहानपणी काय खाल्लंस ते मला बाबांकडून कळावं? माझी आई आता जेवली असती, आणि तू मान हलवत होतास? मग परागने खाली मान घालून शाळेतल्या निबंधाची गोष्ट सांगितली.

ती ऐकून रसिका दोन पानं घेऊन बाहेर आली. माझ्यातलं बिरडं दोन्हींत वाढलं आणि सासऱ्याच्या शेजारी बसून जेवायला लागली. मागोमाग परागही त्याचं पान घेऊन आला. खाली बघत म्हणाला, "मला त्यातली तंगडी आवडायची." रसिकाला हसताना ठसका लागला.

मृणालिनीबाई आत पोळी, लोणचं आणि श्रीखंड जेवल्या. मग पदर सावरत ओट्यावर आल्या. पंढरीनाथ उठायला लागला तर त्याला खाली बसवलं.

"भाऊ, तुम्ही बोलला नसतात तर मला जन्मात कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "मी लेकीच्या घरी येते तरी दर वेळी विचारून जेवते. आजपासून तुमच्या हाताने वाढाल ते न विचारता खाईन."

म्हातारा खांद्यावरच्या टॉवेलने किती वेळ तोंड पुसत राहिला.

आता मी स्वयंपाकघरात असते, खिडकीशी. माझ्यात मासळी शिजते, वाल शिजतात. उंदीर पुन्हा यायचे नाहीत, त्यांना राहायला बांधच उरले नाहीत. मृणालिनीबाईंचं रसिका स्टीलच्या टोपात वेगळं करते. पण त्या आल्या की पंढरीनाथला उंदीर कसे धरायचे ते विचारतात. तो सांगतो तेव्हा नाक मुरडतात आणि मग पुढे काय म्हणून परत विचारतात.

माझं आता वय झालंय. एक दिवस तडकेन, तेव्हा खुशाल टाकून द्या. पण तोवर मला वापरायचं असेल, तर जेवणाऱ्याला माझी ओळख आधी करून द्या. नको म्हणाला तर मी रागावणार नाही, त्याच्यासाठी दुसरं भांडं काढा. फक्त मला झाकून वाढू नका.