बुजवलेला पाट

नोव्हेंबरातल्या एका सकाळी गॅरेट लिंडहोमने भाड्याचं लोडर आणून आमचा पाट बुजवायला घेतला, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी पीत उभी होते. सगळं स्वच्छ दिसत होतं. दार उघडून दोनशे पावलं चालायचं आणि "अहो, हा चर नाही, पाण्याचा पाट आहे" एवढं म्हणायचं, की विषय संपला असता. मी गेले नाही. मी दुसरा कप भरून घेतला.

मी व्हर्ला टोलमन. वय एकाहत्तर. आयडाहोच्या याच खोऱ्यात जन्मले, इथेच नवऱ्याला पुरलं, आणि इथेच साठ गायी आणि चाळीस एकर लसूणघास सांभाळून आहे. घास आहे म्हणून गायी आहेत, आणि पाट आहे म्हणून घास. इथे उन्हाळ्यात आभाळातून काही पडत नाही. डोंगरावरचा बर्फ वितळून ओढ्याला येतो, ओढ्याचं पाणी पाटाला, आणि पाट शेजारच्या हॅन्सनच्या आठ एकरांतून माझ्या शेताला.

ते आठ एकर माझी लेक जनेल घेणार होती. म्हाताऱ्या हॅन्सनशी बोलणंही झालं होतं. पण तो वारला, त्याच्या पोरांनी जमीन विकायला काढली, आणि कॅलिफोर्नियातल्या लिंडहोम नवरा-बायकोने ती नुसते फोटो बघून घेऊन टाकली. तिकडचं घर विकून आलेल्या माणसाला इकडची जमीन किरकोळच वाटते. जनेल पोरांना घेऊन दोन तासांवरच्या शहरात राहिली ती राहिलीच.

ऑगस्टमध्ये ही मंडळी आली. आल्या आल्या फाटकाला कॅमेरा लावला. मग शेणाच्या वासाबद्दल कचेरीत तक्रार केली. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, ओळख असो नसो. गॅरेट बघतसुद्धा नसे. मी महिनाभर बोट उचललं, मग माझंही बोट खाली राहिलं.

आता खरं सांगायचं तर पाट ऑक्टोबरपासून मेपर्यंत कोरडा असतो आणि त्यावर गवत माजतं. नव्या माणसाला तो जुना चरच वाटणार. आणि कुणी स्वतःच्या जमिनीत काय करतो यावर बोलायची आमच्याकडे रीत नाही. त्या दिवशी मला ही रीत फार सोयीची वाटली. दोन दिवस तो माती लोटत होता. दुसऱ्या दिवशी तर मी खुर्ची खिडकीशी ओढून बसले. म्हटलं, बुजव बाबा, मेमध्ये सगळ्या गावासमोर तोंडावर पडशील.

एवढा राग होता की स्वतःच्या घासाचा विचारच डोक्यात आला नाही. तो जानेवारीत आला. पण तोवर जमीन दगडासारखी गोठली होती, आणि तोंड उघडायची वेळही गेली होती. मार्चमध्ये मी आमच्या पाटकऱ्याला, ऑर्विलला, आत्ताच पाहिल्यासारखं सांगितलं. त्याने लिंडहोमांना पत्र घातलं. पाटाचं पत्र म्हणजे जाहिरात समजून त्यांनी ते फेकून दिलं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी पाटसफाई असते. ज्याचा पाण्यात हिस्सा आहे त्याने फावडं घेऊन यायचं, वरून सुरुवात करून खाली खाली यायचं. दुपारी आम्ही वीसेक जण लिंडहोमांच्या फाटकाशी पोहोचलो. फाटकाला कुलूप. आत जिथे पाट होता तिथे हिरवळ, फरशा, बसायचे दगड आणि रांगेत लावलेली सफरचंदाची दोन रोपं.

गॅरेट फोन हातात धरूनच बाहेर आला. चाळिशीचा, उंच, आणि भेदरलेला. वीस माणसं फावडी घेऊन दारात आल्यावर कोण भेदरणार नाही.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"पाट," ऑर्विल म्हणाला.

"कसला पाट? ही माझी जमीन आहे. कागद आहेत माझ्याकडे."

"तुमच्या कागदाच्या आधीपासून पाट आहे. माझ्या आजोबांच्याही आधीपासून."

"मी पोलिसांना बोलावतोय."

"बोलवा की," मागून कुणीतरी म्हणालं. "तो अजून आलाच कसा नाही ते आम्हीही बघतोय."

वीस मिनिटांत वेन स्टोडार्ड, आमच्या खोऱ्यातला पोलीस आणि पाटाचा हिस्सेदार, गणवेशात आला. खाली उतरला, गाडीच्या मागून फावडं काढलं आणि ऑर्विलला म्हणाला, "ड्यूटी होती हो, उशीर झाला." सगळे हसले. गॅरेटचं तोंड बघवत नव्हतं. पण मला बघवत होतं. मी पोटभर बघून घेतलं.

वेन चर्चच्या रविवारच्या शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, हक्क आपलाच आहे. पण हा वकील करतो म्हणतोय. कोर्टाने सुनावणीपर्यंत खोदायचं थांबवलं, तर तारीख जूनमध्ये."

"पाणी सोमवारी सुटतंय," ऑर्विल म्हणाला. "जूनपर्यंत व्हर्लाच्या घासाचा पाचोळा होईल."

पाचोळा झाला तर गायी विकाव्या लागणार. एकदा विकल्या की माझ्या वयात पुन्हा कोण उभ्या करतं?

तेवढ्यात गॅरेटची बायको पलोमा फाटकाशी आली. हाताला माती लागलेली. रोपं तिनेच लावली होती हे कुणी सांगायला नको.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "इतका जुना पाट, सगळ्यांच्या गरजेचा. आम्ही दोन दिवस बुजवत होतो, रस्त्यावरून दिसेल असं. इथे एकालाही दिसलं नाही?"

जो तो आपापल्या फावड्याकडे बघू लागला. बाकीच्यांना खरंच माहीत नव्हतं. माझं घर सोडलं तर त्या बाजूला दुसरं घरच नाही. गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलंही नसतं.

"मी पाहिलं," मी म्हटलं.

ऑर्विल वळला. "व्हर्ला, तू तर मार्चमध्ये..."

"खोटं सांगितलं तुला. नोव्हेंबरात पाहिलं, दोन्ही दिवस. कॉफी पीत बसले होते." मग पलोमाकडे बघून म्हटलं, "इथे माझी लेक राहायला येणार होती. तुम्ही आलात. तुमची फजिती व्हावी असं मला मनापासून वाटत होतं."

आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. एकाहत्तर वर्षं जमवलेली पत तिथे फाटकाशी सांडली.

"एका शब्दात थांबवता आलं असतं," गॅरेट म्हणाला.

"हो. तुमच्या जागी मी असते तर मीही फाटक उघडलं नसतं. पण उघडाल तर ही रोपं मी माझ्या हाताने काढून देईन, पाटाच्या काठावर लावून देईन. तिथे ती चांगली येतील. इथे पाण्याखाली कुजलीच असती."

गॅरेट वळून पायरीवर जाऊन बसला. पलोमाने मात्र खिशातून किल्ली काढली.

"तुम्ही कबूल केलंत," ती म्हणाली. "आमच्या जुन्या गल्लीत बारा वर्षांत कुणी काही कबूल केलं नाही."

आणि तिने कुलूप उघडलं.

मी गुडघे टेकून आधी रोपं काढली, मुळांच्या मातीसकट. बाकीच्यांनी फरशा उचलल्या. पण पाट नेमका कुठून वळत होता यावर ऑर्विल आणि वेनचं जुंपलं. शंभर वर्षं पाट वापरला, पण कागदावर कुणी काढला होता? अर्धा तास गॅरेट पायरीवर बसून होता. मग उठला, फोन पुढे केला. काम करण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढायची त्याची सवय. पाटाचं वळण, खोली, सगळं त्यात होतं. मग घरात जाऊन तो एक फावडं घेऊन आला. त्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

"झाडू नाही तो," ऑर्विल म्हणाला. "पाय दे त्यावर."

गॅरेटने पाय दिला. संध्याकाळपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आले आणि पाट मोकळा झाला.

सोमवारी सकाळी ऑर्विलने ओढ्यावरचं पाणी सोडायचं दार उचललं. पहिल्या पाण्याबरोबर चालायचं असतं, पुढचा पालापाचोळा काढत. आम्ही सगळे चाललो. पाणी गढूळ, फेसाळ, हळू. वाळलं गवत आणि एक जुना चेंडू ढकलत निघालं होतं. लिंडहोमांच्या वळणावर नवी माती तहानेली, पाणी तिथे थबकलं. पसरलं, फुगलं, पुढे सरकेना. गॅरेट बुटांसकट आत उतरला आणि फावड्याने तळाची माती उकरू लागला. चार, पाच, सहा फावडी. मग पाण्याने त्याच्या पायांमधून वाट काढली आणि ते धावत सुटलं.

पलोमा पाण्याबरोबर धावली, माझ्या कुंपणापर्यंत. माझ्या शेताचं दार चाळीस वर्षं मी स्वतः उघडते. त्या दिवशीही मीच उघडलं, पण दुसऱ्या बाजूला तिचा हात होता. पाणी घासात शिरलं. मी सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी मी खिडकीत कॉफी घेऊन उभी होते. गॅरेट वाफ्यात टोमॅटोची रोपं लावत होता. मे अर्धाही सरला नव्हता, आणि आमच्याकडे जूनपर्यंत दहिवर गोठतं. सगळी रोपं एका पहाटेत काळी पडली असती.

मी कप ठेवला आणि सपाता घालूनच निघाले. काठावर सफरचंदाच्या दोन्ही रोपांना पालवी फुटली होती, खालून पाणी वाहत होतं. मला येताना बघून गॅरेट उठला आणि हातातलं रोप बाजूला ठेवलं.

"चुकलं वाटतं काहीतरी," तो म्हणाला.

"चुकलं," मी म्हटलं. "म्हणून तर आले."