नारिंगी कॅलिपर

हॅनकॉक गावात लोखंड म्हातारं व्हायला वेळ लागत नाही. हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाड्यांच्या पोटाला, सायकलींच्या साखळ्यांना, अंगणातल्या फाटकांना चाटत बसतं, आणि बर्फ उतरलं की कुणाचं काय गेलं ते ज्याचं त्याला कळतं. म्हणून उन्हाळा लागला की वेस कांगासच्या गॅरेजापुढे कुणी ना कुणी काहीतरी गंजकं घेऊन उभं असे. वेस पोटासाठी शाळेच्या बस दुरुस्त करी. गॅरेजातलं काम हौसेचं होतं. आलेली वस्तू तो वाळूच्या माऱ्याने उघडी करी, तारेला टांगे आणि तिच्यावर रंगाची कोरडी पूड फवारी. पूड विजेच्या ओढीने धातूला धरून बसे. मग ती वस्तू जुन्या भट्टीत भाजली की पूड वितळून कातडीसारखी अंगाला बसे, ती पुढे दगडाने मारली तरी निघत नसे.

भट्टी एके काळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली होती. तिच्या दारावर वेसच्या बायकोने, ग्रेचेनने, जाड अक्षरांत लिहून ठेवलं होतं : ‘यात खायचं काही ठेवायचं नाही.’ वेसचे वडील आर्वो पाटीकडे बघून दरवेळी म्हणत, “म्हणजे माझी खिमा भरलेली पॅस्टी इथे गरम करायची नाही तर!” आणि ग्रेचेन दरवेळी म्हणे, “नाही, पाप्पा.” भट्टी पेटली की ती घराच्या त्या बाजूच्या खिडक्या लावून घेई. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रेचेन खिडक्या लावते, ग्रेचेन द्राक्षं उभी चिरते, ग्रेचेन झोपलेल्या मुलीच्या नाकापुढे हात धरून बघते.

मुलगी म्हणजे टिली. तिच्या डाव्या मांडीत जन्मापासून जोर नव्हता. त्या पायाला ती कॅलिपर लावी. दोन बाजूंना दोन स्टीलच्या पट्ट्या, मध्ये गुडघ्याशी सांधा, आणि सांध्याच्या वर प्रत्येक पट्टीवर एकेक सैल कडी. पाय सरळ केला की कड्या आपल्या वजनाने खाली पडायच्या, सांध्याभोवती बसायच्या, आणि गुडघा वाकायचा बंद व्हायचा. मग टिली उभी राही. बसायचं असलं की दोन बोटांनी कड्या वर ओढायच्या. कड्या पडताना ‘टिक, टिक’ असा आवाज होई. घरात दिवसभर तो आवाज असे, आणि भांडी घासताना, फोनवर बोलताना ग्रेचेनचा एक कान त्याच्यावर असे.

जुलैत शेजारच्या लीलंडने टिलीला विचारलं, “तुझ्या पायाला नळ बसवलाय का?” त्याच्या विचारण्यात खोडी नव्हती, त्याला खरंच तसं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी कॅलिपर सापडेना. तो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, लाकडांमागे निघाला. तिसऱ्या दिवशी कुत्र्याच्या गोधडीखाली. टिली भिंती धरून, खुर्च्या ढकलत घरभर फिरू लागली आणि कॅलिपरचं नाव काढलं की तोंड फिरवू लागली.

शाळा सप्टेंबरात सुरू होणार होती. बालवर्गाची पहिली खेप. बसला तीन उंच पायऱ्या, आणि वर्गात धरायला भिंत कमी, मुलं जास्त.

“उचलून नेईन मी,” वेस म्हणाला.

“कुठवर?” ग्रेचेन म्हणाली. “दहावीपर्यंत?”

 संध्याकाळी वेस रंगांच्या नमुन्यांचा जुडगा घेऊन आला आणि टिलीपुढे जमिनीवर पसरून बसला. “हे बघ टिल्स. तुझा पाय आपण रंगवू या. कुठला रंग?”

टिलीने सगळे नमुने उलटेसुलटे केले. गुलाबीकडे पाहिलंसुद्धा नाही. “बर्फाच्या गाडीचा,” ती म्हणाली.

बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांचा रंग नारिंगी. हिवाळ्यात पहाटे ती गाडी आली की टिली खिडकीला नाक लावून बसे, आणि चालक तिच्यासाठी एकदा भोंगा वाजवी. त्या गाडीला गावात नावं ठेवणारा माणूस नव्हता.

 इतक्या आचेवर धातूचा कस जातो असं ग्रेचेनने मात्र कुठेतरी वाचलं होतं. तिने कॅलिपर बनवणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, “ॲल्युमिनियम असतं तर नको म्हटलं असतं. हे स्टेनलेस आहे, एवढ्याशा आचेने त्याला काही होत नाही. चामडं, प्लास्टिक काढून घ्या. सांध्यात रंग जाऊ देऊ नका.” ग्रेचेनने हे वेसला शब्दशः सांगितलं. मग परत सांगितलं.

“ऐकलं गं,” वेस म्हणाला. “सांध्यात रंग नाही. भोकात बूच, सांध्याला चिकटपट्टी. लोकांच्या मोटारसायकली करतो मी, आपल्या पोरीचं बिघडवीन का?”

त्याने कॅलिपर पार सुटा केला. पट्ट्या निराळ्या, कड्या निराळ्या, स्क्रू बशीत. सांध्याची तोंडं चिकटपट्टीने झाकली. बाकी मात्र त्याने त्याच्या नियमाने केलं. नियम एकच होता : धातू उघडा सोडायचा नाही. उघडा सोडला की मीठ शिरलंच. हे स्टील मुळातच गंजणारं नव्हतं, पण हाताला सवय लागली की तो विचारत नाही. त्याने पट्ट्या वरपासून खालपर्यंत रंगवल्या, कड्या बाहेरून रंगवल्या आणि आतूनही.

भट्टीतून निघालेला कॅलिपर खरोखर देखणा होता. आर्वोने तो उजेडात फिरवून बघितला. “माझ्या पहिल्या ट्रकला एवढा रंग नव्हता,” ते म्हणाले. “ट्रकच नव्हता म्हणा, नुसता रंगाचा डबा होता.” टिलीने तो लावला आणि काढायलाच तयार होईना. जेवायला लावलेला, झोक्यावर लावलेला. लीलंडला तिने कुंपणापाशी बोलावून घेतलं आणि विचारलं, “नळ असा असतो का?” लीलंड म्हणाला की त्यालाही एक हवा.

सगळं घर खूश होतं. ग्रेचेन भाजी चिरत होती. तिचा हात थांबला. काहीतरी कमी होतं, आणि काय ते तिला उमगेना. टिली खुर्चीवरून उठून दाराकडे गेली, परत आली, परत गेली. मग ग्रेचेनच्या ध्यानात आलं. आवाज नव्हता.

“वेस, कड्या वाजत नाहीयेत.”

“रंग बसलाय ना. धातूवर धातू आपटत नाही आता.” तो वाकला, कडीला अंगठ्याने जरासा दाब दिला. कडी खाली गेली. “बघ. जातेय.”

“तू ढकललीस.”

“नवीन आहे. घासून घासून सैल होईल.” त्याने पेन्सिलीचं शिसं घासून त्याची काळी भुकटी कडीत घातली.

“पोरी,” आर्वो सुनेला म्हणाले, “तुला पाऊस पडला तर बुडायची भीती, ऊन पडलं तर पोळायची. पोर हसतेय, ते बघ की.”

ग्रेचेनने ते बघितलं. पोर हसत होती, हे खरंच होतं. आपण उगाच खुसपट काढतोय का, असं तिला वाटलं. असं तिला आठवड्यातून बऱ्याचदा वाटे, आणि त्यातल्या बऱ्याचदा ते खरंही निघे. ती पुन्हा भाजीकडे वळली.

शनिवारी सौनातून निघताना टिली बाकावरून उठली. कॅलिपर नुकताच चढवला होता, आतली कडी खाली बसली होती, बाहेरची बोटभर वर अडकली होती. दोन पावलं ठीक गेली. पायरीवर भार बाहेरच्या अंगावर आला, तिकडून सांधा दुमडू लागला, पट्टी पिळली, आणि टिली पुढे आली ती थेट आईच्या पोटावर. ग्रेचेन पायरीखाली उभी होती, कारण ती नेहमीच पायरीखाली उभी असे. टिलीच्या हनुवटीला आईच्या कोटाचं बटण लागलं. रडली नाही. “घसरले,” म्हणाली.

“पायरी ओली होती,” वेस म्हणाला.

 घरात जाऊन ग्रेचेनने कपाटातून टिलीचा गेल्या वर्षीचा, आखूड झालेला कॅलिपर काढला. नवा टिलीच्या पायातून सोडवला. दोन्ही घेऊन ती गॅरेजात गेली. तिथे वेस टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता.

“डोळे मीट,” ती म्हणाली.

“काय?”

“मीट तर.”

त्याने डोळे मिटले. तिने जुना कॅलिपर उभा धरला, कडी वर नेऊन सोडली. टिक. दुसरी सोडली. टिक. मग नारिंगी उचलला. कडी वर नेली, सोडली. गॅरेजात काहीच ऐकू आलं नाही. बाहेर आर्वो सौनात पाणी टाकत होते, त्याची चर्र तेवढी आली.

“सोडलीस?” वेसने विचारलं.

“मघाशीच.”

त्याने डोळे उघडले. कडी होती तिथेच, सांध्याच्या वर, नव्या नवरीसारखी नटून बसलेली. वेसने कॅलिपर हातात घेतला आणि बराच वेळ फिरवत राहिला. पट्टीवर केसाएवढी जाडी, कडीच्या आत केसाएवढी जाडी. अंगठ्याला ती कळत नव्हती. टिली काही कड्या अंगठ्याने ढकलणार नव्हती. ती उभी राहणार होती.

“आतून कशाला रंगवली मी,” तो म्हणाला. विचारल्यासारखं नव्हतं ते.

“उघडं सोडवत नाही तुला.”

“मंगळवारी बस आहे,” तो म्हणाला.

“मग आजच घास.”

चांगला रंग लावल्याची शिक्षा वेसने तेव्हा भोगली. कानस रंगावरून सटकत होती. पात्याने ओरखडा उठे, पापुद्रा निघत नसे. रंग विरघळवणारं औषध त्याच्याकडे होतं, पण ते मुलीच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूवर नको, असं यावेळी ग्रेचेनच्या आधी तोच म्हणाला. आर्वो ओल्या केसांनी दारात येऊन उभे राहिले. त्यांनी दोघांची तोंडं बघितली, स्टूल ओढलं, एक कडी बोटाला अडकवली आणि इमरी पेपरची, धातू घासायच्या खरखरीत कागदाची, सुरळी करून आतून घासायला लागले. पावसाचं आणि उन्हाचं पुन्हा काही बोलले नाहीत.

घासून झालं तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर, गुडघ्याच्या जरा वरपासून सांध्यापर्यंत, चार बोटं रुंदीचा पांढरा चकचकीत पट्टा उघडा पडला होता. वेसने कडी वर नेऊन सोडली. टिक. त्याने परत सोडली. आर्वोंनी एकदा सोडून बघितली. मग कॅलिपर ग्रेचेनकडे आला. तिने तो उभा, तिरका, उलट बाजूने धरून इतक्या वेळा कड्या सोडल्या की आर्वो म्हणाले, “पुरे, आता घंटा म्हणून चर्चला देऊन टाकू.”

आता प्रश्न टिलीचा होता. नारिंगी पायावर मध्येच स्टीलचा पट्टा, नळाच्या रंगाचा. रविवारी सकाळी वेसने कॅलिपर तिच्या मांडीवर ठेवला आणि घसा खाकरला. त्याने रात्रभर काहीतरी जुळवलेलं दिसत होतं. “टिल्स, इथला रंग काढावा लागला. कारण असं आहे की...”

टिलीने पट्ट्यावरून बोट फिरवलं. “बर्फाच्या गाडीच्या पात्याचाही खालचा रंग जातो,” ती म्हणाली. “बर्फ तिथेच लागतं ना.” आणि लावून द्या म्हणून पाय पुढे केला.

वेसचं भाषण तोंडातच राहिलं. ग्रेचेनने पट्टे आवळले. टिली उठली. टिक, टिक. कोपऱ्यात कुत्र्याने मान वर केली आणि खाली ठेवली.

उरलेले दोन दिवस ग्रेचेनने मुलीला एकच गोष्ट शिकवली : उभं राहिल्यावर, पाऊल टाकायच्या आधी, दोन्ही कड्यांना हात लावायचा. खाली आहेत? मग चल. टिलीने कंटाळून का होईना, पण केलं.

मंगळवारी बस आली. वेसनेच दुरुस्त केलेली होती, तरी केवढा आवाज करत होती. टिली अंगणातल्या कट्ट्यावरून उठली. ग्रेचेनने कान दिला. इंजिनाच्या घरघरीत काहीच ऐकू आलं नाही. तिचा हात आपसूक पुढे गेला आणि मध्येच थांबला. इथून पुढे दिवसभर, वर्गात, जेवणाच्या रांगेत, खेळाच्या मैदानात, तिला काहीही ऐकू येणार नव्हतं.

टिलीने मागे वळून पाहिलं नाही. चालता चालता बोलावं तशा सहजपणे तिचा हात खाली गेला. बोटं आतल्या कडीला लागली, मग बाहेरच्या. मग तिने बसचा कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर नारिंगी पाय ठेवला.